नगराचे अंदाजपत्रक : जमेची बाजू आधी वाचावी
(भोपाळ महानगरपालिकेच्या उदाहरणावरून एक अभ्यास)

दरवर्षी मार्च महिना आला की शहरोशहरी महानगरपालिकांच्या सभा भरतात आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकास मंजुरी देण्यात येते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मथळे झळकतात : अमुक कोटींचे रस्ते, तमुक कोटींचे उद्यान, कोणतीही करवाढ नाही. नागरिक वाचतात, समाधान पावतात किंवा कुरकुरतात आणि वृत्तपत्र बाजूला ठेवतात. हा पैसा येणार कोठून, आणि गेल्या वर्षी येईल असे सांगितले होते त्यापैकी प्रत्यक्षात किती आला, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. वस्तुतः अंदाजपत्रकाचे खरे-खोटेपण खर्चाच्या बाजूवर ठरत नसून जमेच्या बाजूवर ठरते. ही एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी शेजारच्या मध्यप्रदेशाच्या राजधानीचे, भोपाळचे, उदाहरण घेतले आहे. त्याला कारण आहे. मध्यप्रदेशातील नागरी संस्थांची जकात १९७६ मध्ये रद्द झाली. महाराष्ट्रात ती नगरपरिषदांच्या क्षेत्रात १९९९ मध्ये बंद झाली. महानगरपालिकांपैकी बहुतेकांकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि मुंबईत तर ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती. स्वतःचा मोठा कर हातचा गेल्यावर शहराचा संसार कसा चालतो, हा अनुभव भोपाळने आपल्या कितीतरी आधी घेतलेला आहे.

देणगीकडून हिशेबाकडे

भोपाळ हे तलावांचे शहर. त्यातील बडा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला, असे परंपरा सांगते. पुढे या संस्थानावर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केले. त्यांपैकी पहिल्या कुदसिया बेगम. त्यांनी शहरासाठी पाणीपुरवठ्याची योजना करविली आणि रहिवाशांना पाणी विनामूल्य मिळावे अशी तजवीज केली. राज्यकर्त्याने दानबुद्धीने प्रजेला पाणी द्यावे, ही त्या काळची उदात्त कल्पना होय. परंतु देणगीला हिशेब विचारता येत नाही. देणाऱ्याची इच्छा हाच तेथे कायदा असतो.

१९०७ मध्ये भोपाळात नगरव्यवस्थेसाठी संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये संस्थान केंद्र शासनाच्या अखत्यारीत आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेश राज्याची राजधानी झाले. १९८३ मध्ये तेथील नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. अनेक वर्षे तिचे कार्यालय सदर मंझिल या संस्थानकालीन वास्तूत होते. जेथे पूर्वी राज्यकर्त्यांचा दरबार भरे, तेथे लोकांनी भरलेल्या कराचा हिशेब लिहिला जाऊ लागला. स्थानिक स्वराज्याचा अर्थ याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. दानाची जागा कराने घेतली, आणि कर देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त झाला.

अंदाजपत्रक तयार होते कसे ?

भोपाळ महानगरपालिकेचा कारभार मध्यप्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ अन्वये चालतो. शहराचे ८५ प्रभाग असून प्रत्येक प्रभागातून एक प्रतिनिधी निवडून जातो. आपण ज्याला नगरसेवक म्हणतो त्यास तेथे पार्षद म्हणतात. जुलै २०२२ च्या निवडणुकीत महापौर थेट मतदारांनी निवडून दिला. महापौर निवडून आलेल्या पार्षदांपैकी काहींची निवड करून आपले मंडळ बनवितात. त्यास महापौर परिषद म्हणता येईल. सभेचे अध्यक्षस्थान मात्र महापौरांकडे नसून पार्षदांनी निवडलेल्या स्वतंत्र अध्यक्षांकडे असते.

आयुक्त सर्व खात्यांकडून आकडे मागवून अंदाजपत्रकाचा मसुदा तयार करतात. तो महापौर परिषदेपुढे जातो. तिच्या शिफारशींसह तो सर्वसाधारण सभेपुढे येतो आणि चर्चेनंतर ३१ मार्चपूर्वी मंजूर व्हावयाचा असतो, कारण १ एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. महाराष्ट्रातील पद्धती थोडी निराळी आहे. आपल्याकडे आयुक्त आपला अंदाज स्थायी समितीस सादर करतात, समिती त्यात फेरफार करते आणि समितीचे सभापती तो सभेपुढे मांडतात. महापौरांची निवड नगरसेवक आपल्यामधून करतात. रचना भिन्न असली तरी तत्त्व एकच आहे : प्रशासनाने आकडे मांडावयाचे आणि लोकप्रतिनिधींनी ते पारखून घ्यावयाचे.

अंदाजपत्रकाच्या कोणत्याही पानावर साधारणतः आकड्यांचे तीन रकाने आढळतात. पहिल्यात गेल्या पूर्ण झालेल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे असतात. दुसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो. तिसऱ्यात येणाऱ्या वर्षाचा अंदाज असतो. वृत्तपत्रांतील मथळे तिसऱ्या रकान्यावरून तयार होतात. सुज्ञ वाचकाने मात्र पहिल्या रकान्यापासून आरंभ करावा, कारण त्यातील पैसा खरोखर आलेला आणि खरोखर गेलेला असतो.

जमेचे तीन झरे

महानगरपालिकेच्या तिजोरीत पैसा मुख्यतः तीन मार्गांनी येतो.

पहिला झरा घरचा. यात मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाना शुल्क, बांधकाम परवानगीचे शुल्क, दुकानांची व बाजाराची भाडी यांचा समावेश होतो. मध्यप्रदेशात मालमत्ता कर वार्षिक भाडेमूल्यावर आकारला जातो. शहराचा भाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार दर चौरस फुटाचे दर ठरविलेले असतात व मालकाने स्वतःच आपल्या कराची आकारणी करून ती सादर करावी अशी पद्धती तेथे आहे. सफाई, दिवाबत्ती, अग्निशमन यांसाठी ‘समेकित कर’ या नावाने एकत्रित कर घेतला जातो.

दुसरा झरा शासनाचा. जकात रद्द झाल्यावर तिच्या बदल्यात राज्य शासन नागरी संस्थांना जी रक्कम देते, तिला तेथे ‘चुंगी क्षतिपूर्ती’ म्हणतात. याखेरीज वित्त आयोगाची अनुदाने आणि निरनिराळ्या योजनांचा निधी येतो. योजनांचा निधी बहुधा विशिष्ट कामासाठी बांधलेला असतो. रस्त्यासाठी आलेल्या पैशातून सफाई कामगारांचे वेतन देता येत नाही.

तिसरा झरा कर्जाचा. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विक्रीस काढले. त्यानंतरच्या वर्षी भोपाळ महानगरपालिकेनेही १७५ कोटी रुपयांचे रोखे काढले. मोठ्या कामासाठी कर्ज काढणे गैर नव्हे. ज्या जलवाहिनीचे पाणी पुढची पिढी पिणार, तिच्या खर्चाचा काही भाग पुढच्या पिढीने उचलावा हे न्याय्यच आहे. तथापि कर्ज जमेच्या रकान्यात दिसत असले तरी ते उत्पन्न नव्हे. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण महानगरपालिकेलाही लागू पडते.

जकातीचा धडा

जकातीवर आक्षेप पुष्कळ होते. नाक्यावर वाहनांच्या रांगा लागत, व्यापाऱ्यांचा वेळ जाई, गैरप्रकारांना वाव मिळे. ती गेली याचे बहुतेकांना दुःख झाले नाही. परंतु तिचा एक गुण होता. शहराचा व्यापार वाढला की जकात आपोआप वाढत असे, आणि ती रोजच्या रोज शहराच्या स्वतःच्या तिजोरीत जमा होई.

नुकसानभरपाईचे तसे नसते. ती किती द्यावयाची आणि केव्हा द्यावयाची हे शहराबाहेर ठरते. नागरी संस्थेने वीज मंडळाची वा कंपनीची देयके थकविली तर ती या रकमेतून परस्पर वळती करून घेतली जाण्याचे प्रसंगही मध्यप्रदेशातील नागरी संस्थांवर आलेले आहेत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये याबाबत अधिक सावध पाऊल टाकले. भरपाईसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यात २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई वाढावी आणि ती दरमहा मिळावी अशी तरतूद केली गेली. तरीही मूळ गोष्ट बदलत नाही. घरचा झरा आटला की दुसऱ्याच्या विहिरीवर अवलंबून राहावे लागते, मग ती विहीर कितीही भरलेली असो.

शासनाच्या अनुदानालाही आता घरच्या उत्पन्नाची अट जोडली गेली आहे. १५व्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानासाठी दोन महत्त्वाच्या अटी सुचविल्या. राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत व राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात या कराची वसुलीही वाढावी, ही एक. संस्थांनी आपले वार्षिक हिशेब सर्वांना पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करावेत, ही दुसरी. म्हणजे जे शहर आपली घरपट्टी नीट वसूल करीत नाही, त्याला बाहेरूनही कमीच मिळण्याचा संभव असतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण तलावांच्या या शहरात शब्दशः खरी ठरते.

पाणी स्वस्त, पण चढण महाग

आता खर्चाकडे वळू या. भोपाळच्या खर्चाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर तेथील पाण्याचा प्रवास पाहावा. प्रारंभी बडा तलाव शहराची तहान भागवीत होता आणि तो शहराच्या कुशीतच आहे. राजधानी झाल्यावर वस्ती वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख भरली. तलाव अपुरा पडू लागल्यावर कोलार धरणाचे पाणी आणावे लागले, आणि पुढे सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी उचलून आणावे लागले. नदीतले पाणी फुकट असते. ते उचलून चढावर नेण्यास लागणारी वीज फुकट नसते. पाणी जितक्या दुरून येते, तितका विजेचा आकडा फुगतो, आणि हा खर्च एकदाच होऊन थांबत नाही. तो दररोज, दर तासाला होत राहतो.

कचऱ्याचीही तीच कथा आहे. पूर्वी शहराचा कचरा भानपूर येथे टाकला जात असे. ती जागा २०१८ च्या सुमारास बंद करण्यात आली व कचरा शहराबाहेर आदमपूर छावणी येथे नेण्यात येऊ लागला. भानपूरच्या रहिवाशांना दिलासा मिळणे आवश्यकच होते. परंतु वाहनांची फेरी लांबली की इंधन, टायर आणि मनुष्यबळ या सर्वांचा खर्च वाढतो. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षी भोपाळचा देशात दुसरा क्रमांक आला. अशा लौकिकामागे रोज पहाटे न चुकता करावा लागणारा खर्च असतो.

वेतन, निवृत्तिवेतन, वीज, इंधन, कर्जाचे हप्ते हे खर्च टाळता येत नाहीत. त्यांना बांधील खर्च म्हणतात. ते भागवून जे उरते त्यातूनच नवी गटारे, नवे रस्ते, शाळांची दुरुस्ती ही कामे व्हावयाची असतात.

शंभर रुपयांचे गणित

येथे एक कल्पित हिशेब मांडून पाहू या. एखाद्या नगराने वर्षाला १०० रुपये जमा होतील असा अंदाज केला : घरच्या करांचे ६० आणि शासनाकडून ४०. बांधील खर्च ७५ रुपये. उरलेल्या २५ रुपयांत पाच वस्त्यांतील गटारांची कामे मंजूर झाली, प्रत्येकी ५ रुपयांची. सर्व जण संतुष्ट झाले.

वर्षाअखेर असे आढळले की घरच्या करांपैकी तीन चतुर्थांशच वसूल झाला, म्हणजे ६० ऐवजी ४५. शासनाचे ४० पूर्ण मिळाले. एकूण जमा ८५ झाली. बांधील खर्चात कपात करता येत नाही, तेव्हा ७५ वजा जाता १० उरले. पाचपैकी दोनच वस्त्यांची गटारे होऊ शकली. जमेत तूट आली १५ टक्क्यांची, पण नव्या कामांत कपात झाली ६० टक्क्यांची !

हे प्रमाण विद्यार्थ्यांनी फळ्यावर मांडून पाहावे. अंदाजपत्रक फुगविल्याने कोणाचे काय बिघडते, असे वाटणाऱ्यांना या एका उदाहरणात उत्तर मिळते. कधी कधी पाचही कामे सुरू केली जातात आणि ठेकेदारांची देयके थकतात. मग पुढील वर्षाच्या पैशावर पहिला हक्क त्या थकबाकीचा राहतो, आणि नवे वर्ष आरंभापासूनच अपंग होते.

आता खरा प्रश्न उभा राहतो. पाचपैकी कोणत्या दोन वस्त्यांची कामे होतील ? ज्यांचा आवाज मोठा त्यांची, की ज्यांची निकड मोठी त्यांची ?

भोपाळात या प्रश्नाला विशेष धार आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर त्या वेळच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त म्हणून घोषित करण्यात आले. कारखान्यालगतच्या वस्त्यांतील भूजल दूषित असल्याने तेथील रहिवाशांना शुद्ध पाणी पुरवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिले. अशा वस्तीत नळाचे पाणी ही सोय नसून संरक्षण असते. तेथील जलवाहिनीचे काम ‘निधीअभावी पुढील वर्षी’ या शेऱ्याने लांबणीवर पडणे आणि एखाद्या उद्यानाचे कारंजे लांबणीवर पडणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात. म्हणूनच जमेची बाजू प्रामाणिक असावी लागते. जमा खोटी असेल तर कपात गुपचूप होते, आणि गुपचूप होणारी कपात दुबळ्याच्याच वाट्याला येण्याची भीती अधिक असते.

सभागृह कशासाठी ?

कपात करावीच लागली तर ती उघड व्हावी, तिची कारणे सांगितली जावीत, यासाठी सभागृह असते. प्रश्नोत्तरे, कपातसूचना, लेखापरीक्षणाच्या अहवालावरील चर्चा ही त्याची साधने होत. प्रभागातील फुटलेली जलवाहिनी, बंद पडलेले दिवे, बाजारातील गाळ्यांचे भाडे हे विषय क्षुल्लक वाटतात. परंतु प्रत्येक विषयामागे अंदाजपत्रकातील एक लेखाशीर्ष असते, आणि त्या शीर्षाखाली किती रक्कम होती व किती खर्च झाली, हे विचारणारा प्रतिनिधी आपल्या मतदारांची मोठी सेवा करतो.

सभागृहच नसेल तर ? भोपाळात २०२० च्या आरंभी निवडून आलेल्या सभेची मुदत संपली आणि २०२२ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. महाराष्ट्रातही २०२२ पासून अनेक महानगरपालिकांत दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळातही अंदाजपत्रके तयार झाली, कामे चालू राहिली. प्रशासक कर्तव्यदक्ष असू शकतो. परंतु आकडा मांडणारा आणि तो पारखणारा एकच असला, तर पारख कोणी करावयाची ? ७४व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नागरी संस्थांची निवडणूक मुदतीत घेण्याची तरतूद केली आहे, ती याचसाठी.

ग्रामीण वाचकांसाठी

हा शहराचा विषय आहे, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे गावकरी बंधु-भगिनींनी म्हणू नये. भोपाळच्या बड्या तलावाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा भाग शहराबाहेर शेतीखाली आहे. कोलांस नदीचे पाणी त्या शेतशिवारांतून वाहत तलावात येते. शिवारातील माती वाहून गेली तर शहराचा तलाव गाळाने भरतो. शिवार जपले गेले तर शहराचा खर्च वाचतो. नगर आणि ग्राम यांचे हिशेब असे एकमेकांत गुंतलेले असतात.

शिवाय गावालाही आपले अंदाजपत्रक असतेच. ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक १ म्हणजे तिचे अंदाजपत्रक. नमुना ८ मध्ये कर आकारणीची नोंद असते आणि नमुना ९ मध्ये कराच्या मागणीची. ग्रामसभेत हे तिन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर शंभर रुपयांचे वरील गणित आपल्याच गावाला लावून पाहता येईल.

अंदाजपत्रक वाचताना पाच प्रश्न

१. गेल्या पूर्ण वर्षी घरच्या करांची मागणी किती होती आणि वसुली किती झाली ?
२. येत्या वर्षाच्या जमेत जी वाढ दाखविली आहे, तिला आधार काय ?
३. जमेपैकी किती रक्कम कर्जाची व किती विशिष्ट कामासाठी बांधलेली आहे ?
४. बांधील खर्च भागवून नव्या कामांसाठी प्रत्यक्षात किती उरते ?
५. गेल्या वर्षी मंजूर झालेली कोणती कामे राहिली, आणि ती कोणत्या वस्तीतील होती ?

सहावीच्या वर्गात स्थानिक शासन हा विषय शिकविताना शिक्षकांनी हे प्रश्न विद्यार्थ्यांकडून आपल्या ग्रामपंचायतीस, नगरपरिषदेस वा महानगरपालिकेस विचारून घ्यावेत. उत्तरे मिळविण्यासाठी मुलांना कार्यालयात जावे लागेल, मुख्य लिपिकांना भेटावे लागेल, आकडे उतरवून घ्यावे लागतील. पुस्तकातील धड्याने जे साधत नाही, ते या एका खेपेने साधेल. अधिकाऱ्यांनीही अशा मुलांचे स्वागत करावे. अंदाजपत्रक ही काही गोपनीय नस्ती नव्हे.

करवाढ नाही, हे ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. परंतु वसुली न करता दिलेले आश्वासन अखेर कोणाच्या तरी दारातील न बांधलेल्या गटाराच्या रूपाने वसूल होते. थकबाकीदाराने वेळेवर भरलेली घरपट्टी, कार्यालयाने तिची दिलेली पावती आणि प्रतिनिधीने सभेत विचारलेला नेमका प्रश्न, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर अंदाजपत्रकातील तिसरा रकाना दोन वर्षांनी पहिल्या रकान्यात जसाच्या तसा उतरलेला दिसेल.